कुमारांची ऐतिहासिक कादंबरी : सिंहगडप्रकरणावरून एक परीक्षण

दसरा उलटला म्हणजे संग्रहांतील रुमाल सोडून कागदांस ऊन दाखविण्याचा आमचा जुना प्रघात आहे. एकदां असे अंगणांत कागद पसरले असतां शेजारचा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला. मोडीच्या ओळींकडे बराच वेळ टक लावून पाहिल्यावर त्यानें विचारलें, “यांतल्या कोणत्या कागदांत घोरपड आहे?” आमच्यापाशीं असलेल्या एकाही कागदांत घोरपड नाहीं, इतकेंच नव्हे तर सिंहगड घेतल्याची जी सर्वांत जुनी सविस्तर मराठी हकीकत आहे तींतही ती नाहीं, असें आम्हीं सांगतांच त्यानें लागलीच दुसरा प्रश्न केला, “मग ते वर चढले कसे?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणें सोपें होतें. दुसऱ्याचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें. परंतु तें ज्यांत सांपडेल आणि जें त्या मुलाच्या हातीं देतां येईल असें एकही पुस्तक आमच्या फडताळांत नव्हतें. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या प्रश्नापासून निघाला आहे.

संशोधनाच्या पानांत मुलांच्या कादंबरीची चर्चा कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस आमचें उत्तर असें कीं, बहुतेक माणसांचा इतिहास आठव्या व तेराव्या वर्षांच्या दरम्यान ठरून जातो. महाराष्ट्रांत इ. स. १९७० पासून चौथीच्या वर्गास शिवचरित्र शिकविलें जाऊं लागलें, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलांस तें प्रथम भेटूं लागलें. पुढें शंभरांतील नव्वद माणसें मूळ साधनांच्या वाटेस जात नाहींत. संशोधक वर्षानुवर्षें खपून एक तिथि निश्चित करतो. परंतु त्या तिथीस काय झालें याचें चित्र मात्र वाचकाच्या मनांत लहानपणींच्या गोष्टीच्या पुस्तकानें आधींच काढून ठेविलेलें असतें. तें चित्र काढणाऱ्या लेखकाची उपेक्षा करणें संशोधकास परवडणारें नाहीं.

या वाङ्मयाची परंपरा थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही इ. स. १८७१ मधील कादंबरी मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी गणली जाते. विनायक कोंडदेव ओक यांनीं इ. स. १८८१ त मुलांकरितां ‘बालबोध’ मासिक काढिलें व त्यांतून थोरांचीं चरित्रें सोप्या भाषेंत दिलीं. वासुदेव गोविंद आपटे यांचें ‘आनंद’ मासिक इ. स. १९०६ त निघालें. मध्यंतरीं हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या व त्यांच्यामागून नाथमाधवांची स्वराज्याची कादंबरीमाला आली. आपटे व नाथमाधव यांनीं कांहीं खास मुलांसाठीं लिहिलें नाहीं. परंतु घरांतील मोठ्या माणसांचीं पुस्तकें मुलांनीं चोरून वाचावीं हा जगाचा नियमच आहे. आणि पुढें त्यांचेच प्रसंग संक्षेपानें, सचित्र रूपानें मुलांच्या पुस्तकांत उतरले. म्हणून कुमारांच्या ऐतिहासिक कादंबरीचें परीक्षण करूं जातां या दोघांपासूनच आरंभ करावा लागतो.

परीक्षणासाठीं आम्ही एकच प्रसंग घेतों. सिंहगड तानाजी मालुसऱ्यानें घेतला ती तिथि जेधे शकावलींत शके १५९१ माघ वद्य ९, म्हणजे ता. ४ फेब्रुवारी १६७०, अशी आहे. ही शकावली टिळकांनीं प्रसिद्धीस आणिली हें वाचकांस विदित आहेच. शकावलीची नोंद त्रोटक आहे. सविस्तर हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाची. राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत, सतराव्या शतकाच्या अखेरीस, त्यानें ती जिंजीस लिहिली. म्हणजे प्रसंग घडून तीस वर्षेंही झालीं नव्हतीं. सभासदाच्या सांगण्याचा मथितार्थ असा. निवडक दोघे मावळे रात्रीं कडा चढून गेले. सभासद त्यांच्या चढण्यास वानराच्या चढण्याची उपमा देतो. त्यांनीं वरून सोय करून दिल्यावर बाकीचे लोक चढले. पुढें झालेल्या लढाईंत तानाजी व किल्लेदार उदयभान यांची गांठ पडली. तानाजीची ढाल तुटली. दुसरी ढाल वेळेवर आली नाहीं. तेव्हां त्यानें आपला डावा हातच ढालीच्या ठिकाणीं केला आणि त्यावर वार घेत तो लढला. शेवटीं दोघेही पडले. मग तानाजीचा भाऊ सूर्याजी यानें लोक सावरून गड हस्तगत केला व पागेचीं गवती छपरें पेटवून राजगडास इशारत दिली.

आतां तुळसीदास शाहिराचा पोवाडा पाहावा. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं इ. स. १८९१ त छापिलेल्या पोवाड्यांच्या संग्रहानें तो सुशिक्षितांच्या हातीं दिला. येथें जिजाबाई महाराजांशीं सोंगट्या खेळून कोंडाणा पणांत जिंकतात. रायबाचें लग्न टाकून तानाजी निघतो. ऐंशी वर्षांचा शेलारमामा येतो. यशवंती घोरपड येते. गडावर चंद्रावळी हत्ती व सिद्दी हिलाल उभे असतात. पोवाडा ऐकणाऱ्यांच्या अंगावर कांटा उभा राहावा यासाठीं रचलेला आहे आणि तें काम तो उत्तम करतो. त्यास खोटा म्हणण्याचें आम्हांस कारण नाहीं. पोवाडा हा प्रसंगाचा पुरावा नसला तरी लोकांनीं तो प्रसंग कसा जपला याचा अस्सल पुरावा आहे. दोष पोवाड्याचा नसून, पोवाडा व बखर यांतील भेद न सांगतां दोन्ही एकाच ताटांत वाढणाऱ्यांचा आहे.

या दृष्टीनें ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीकडे पाहूं. इ. स. १९०३-०४ च्या सुमारास आपट्यांनीं ती लिहिली. त्यावेळीं जेधे शकावली उजेडांत यावयाची होती. ती त्यांनीं पाहिली नाहीं हा त्यांचा दोष नव्हे. परंतु सभासदाची बखर काशिनाथ नारायण साने यांच्या परिश्रमानें पूर्वींच छापली गेली होती. आपट्यांची भाषा, संवादांतील जिवंतपणा आणि मावळ्यांविषयींचें अकृत्रिम प्रेम हीं निर्विवाद आहेत. तीं नसतीं तर ही कादंबरी इतक्या पिढ्या वाचली गेली नसती. आमचा आक्षेप कथेच्या सांध्यावर आहे. उदयभानानें पळवून आणलेली कमलकुमारी हें पात्र कथेच्या मध्यभागीं बसविल्यामुळें गड घेण्याचें कारणच बदलतें. वास्तविक कोंडाणा हा इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोंगलांस द्यावे लागलेल्या तेवीस किल्ल्यांपैकीं एक. तो परत घेणें हें मोंगलांशीं बिघाड झाल्यानंतरच्या व्यापक मोहिमेचें एक अंग. पोवाड्यानें त्या राजकारणाच्या जागीं सोंगट्यांचा डाव घातला; कादंबरीनें त्या जागीं एका दुष्टाचें पारिपत्य घातलें. दोन्ही वाचून मुलाच्या मनांत एवढेंच राहतें कीं, किल्ले हे आईच्या हौसेसाठीं किंवा एखाद्या अबलेच्या सुटकेसाठीं घेतले जात. तह म्हणजे काय, तो कां करावा लागला, दिलेलें परत मिळविण्यास पांच वर्षें कां थांबावें लागलें, हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. आणि आमच्या मतें दहा वर्षांच्या मुलास हें समजत नाहीं असें मानणें हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. खेळांत हरलेल्या गोट्या परत मिळविण्यासाठीं योग्य वेळेची वाट पाहणें त्यास चांगलें कळतें.

दुसरा मुद्दा नांवाचा. तानाजी पडला म्हणून कोंडाण्याचें नांव सिंहगड ठेविलें, ही समजूत मुलांच्या बहुतेक पुस्तकांतून अद्यापि चालू आहे. परंतु महाराजांच्या ता. ३ एप्रिल १६६३ च्या पत्रांत हा गड सिंहगड याच नांवानें आलेला आहे. म्हणजे तानाजीच्या मृत्यूपूर्वीं निदान पावणेसात वर्षें तें नांव चालत होतें. शिवाय महाराजांच्या तोंडीं जें वाक्य घालण्यांत येतें, त्याचें सभासदानें दिलेलें रूप निराळें आहे. त्यांत सिंह नाहीं. एक गड हातीं आला पण दुसरा एक गड गमावला, अशा अर्थाचे उद्गार तेथें आहेत. आपल्या माणसास किल्ल्याची उपमा देणारा राजा आम्हांस सिंहाची उपमा देणाऱ्या राजापेक्षां अधिक खरा वाटतो. ज्याचें सारें राज्य किल्ल्यांवर उभें होतें, त्याच्या तोंडीं याहून मोठी प्रशंसा येणें शक्य नव्हतें. शब्दाचा हा एवढासा फरक. पण मुलास तो समजावून सांगितला तर त्या काळाचें अर्धें राजकारण त्यांत सांपडतें.

नाथमाधवांची गोष्ट कांहीं वेगळी आहे. द्वारकानाथ माधव पितळे हें त्यांचें नांव, काल इ. स. १८८२ ते १९२८. तरुणपणीं ते सिंहगडावरून कोसळले आणि जन्माचे अधू झाले. त्यानंतर त्यांनीं लेखणी हातीं धरिली. त्या कड्याची खरी किंमत त्यांच्याइतकी कोणत्याही मराठी कादंबरीकारानें मोजलेली नाहीं. त्यांच्या मालेंत रहस्यें, भुयारें व वेषांतरें यांची रेलचेल आहे आणि कागदपत्रांचा धाक फारसा नाहीं, हें खरें. तथापि स्वराज्य हें एका दिवसांत एका माणसानें उभारलेलें नसून पुष्कळ लहान माणसांच्या खटपटीनें उभें राहिलें, ही जाणीव त्यांनीं वाचकांस दिली. पुढें गो. नी. दांडेकरांनीं गडकोट पायीं तुडवून शिवकालावर ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ व ‘हे तो श्रींची इच्छा’ या कादंबऱ्या लिहिल्या. दांडेकरांचा पुरावा दप्तरांतला कमी व वाटेवरचा अधिक. पण वाट हाही पुरावाच आहे. ज्यानें कडा पायाखालीं घातला आहे तो लेखक घोरपडीच्या कमरेस दोर बांधण्यापूर्वीं दोनदां विचार करील.

यावर लेखकांचा पक्ष असा मांडला जातो कीं, मुलांस अद्भुत हवें असतें. घोरपड काढून घेतली तर गोष्टींत राहिलें काय? या आक्षेपाचें उत्तर सभासदच देतो. ढाल तुटते, दुसरी येत नाहीं, आणि माणूस आपला हात पुढें करतो. अंधारांत दोन माणसें हातापायांच्या बळावर कडा चढून जातात. खालीं शेंकडों माणसें श्वास रोखून उभीं असतात. याहून अद्भुत तें काय असावयाचें? घोरपडीनें तर उलट त्या दोघांचें श्रेय हिरावून घेतलें आहे. जनावराच्या नखांवर चढलेला गड आणि माणसाच्या बोटांवर चढलेला गड यांत मुलास कोणता अधिक थरारक वाटेल, हें त्यास विचारून तरी पाहावें.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. रूढ गोष्टीस हात लावला तर मुलांच्या मनांतील पूज्यभाव ढळेल, अशी भीति कित्येकांस वाटते. याविषयीं एक उदाहरण पुरें आहे. मनुचीच्या ग्रंथांतील इब्राहिमखान नांवाच्या एका सरदाराचें चित्र पुष्कळ काळ शिवाजीमहाराजांचें म्हणून सर्वत्र चालत होतें. इ. स. १९३३ त वा. सी. बेंद्रे यांनीं महाराजांचें अस्सल चित्र उजेडांत आणिलें आणि जुनें चित्र मागें पडलें. मुखचर्याच बदलली, पण कोणाचा पूज्यभाव उणा झाला नाहीं. आज जुनें चित्र कोणास आठवतही नाहीं. जें चेहऱ्याच्या बाबतींत साधलें तें घोरपडीच्या बाबतींत कां साधूं नये?

लेखकांनीं काय टाकावें एवढेंच सांगून भागणार नाहीं. काय उचलावें हेंही सांगितलें पाहिजे. ता. १७ ऑगस्ट १६६६ चें आग्र्याहून निसटणें घ्या. त्या वेळीं संभाजीराजे नऊ वर्षांचे होते. त्यांचा जन्म ता. १४ मे १६५७ चा. म्हणजे चौथीच्या वर्गांतील वाचकाच्या अगदीं बरोबरीचें वय. हा मुलगा पुरंदरच्या तहानंतर पंचहजारी मनसबदार झाला होता, आग्र्याच्या दरबारांत हजर राहिला होता, आणि सुटकेनंतर बापापासून दूर मथुरेस एका ब्राह्मण कुटुंबांत लपून राहिला. तो मेल्याची आवई उठविण्यांत आली. जयपूर दरबारच्या दप्तरांतील राजस्थानी पत्रें जदुनाथ सरकार व रघुवीर सिंह यांनीं इ. स. १९६३ त प्रसिद्ध केलीं. त्यांत या देखण्या नऊ वर्षांच्या मुलाचा उल्लेख आग्र्यांतील माणसाच्या लेखणींतून आलेला आहे. कुमारांच्या कादंबरीस याहून चांगला नायक कोठें मिळणार? असें असतां आमच्या पाहण्यांतील बहुतेक पुस्तकांत हा मुलगा पेटाऱ्यांतील ओझ्यापलीकडे कांहीं नसतो. आपण मेलों अशी बातमी ऐकत परक्या घरीं दिवस काढणाऱ्या मुलाच्या मनांत काय चाललें असेल, यावर कागद मुके आहेत. आणि जेथें कागद मुके होतात तेथेंच कादंबरीकाराचा हक्क सुरू होतो.

बारीकसारीक बाबींतही हाच नियम लागू आहे. कथानक इ. स. १६५९ चें आणि त्यांतील मुलगा बाजारांत शिवराई मोजून देतो, असें लिहिलें म्हणजे नाणीं जमविणारा वाचक पुस्तक मिटतो. कारण शिवराई ही राज्याभिषेकानंतरची, म्हणजे इ. स. १६७४ पासूनची. तीच गोष्ट राज्याभिषेक शकाची. तो शक सुरू होण्यापूर्वींच्या पत्रावर कादंबरीकार तो घालूं लागला तर बनावट कागद करणारा व तो यांत फरक राहिला नाहीं. मावळांतील घरांत पाहुण्यास चहा पुढें करणें, प्रहर-घटकांच्या काळीं मिनिटांचा हिशेब सांगणें, या चुका क्षुल्लक वाटतात. पण मुलास त्या काळांत घेऊन जाणारा रस्ता अशाच खड्यांनीं बांधलेला असतो. एक खडा निसटला कीं मूल परत आपल्या अंगणांत येऊन पडतें.

इतकें लेखकांस बोलल्यावर आतां आपल्या घरांतही पाहिलें पाहिजे. लेखकांनीं घोरपड सोडली नाहीं, त्यास निम्मे कारण आम्ही आहोंत. आमचीं साधनें मोडींत, आमचीं विवेचनें मोडीहून दुर्बोध मराठींत, आणि आमचे रुमाल कुलुपांत. एखादा कादंबरीकार संग्रह पाहावयास आला तर ‘गोष्टी लिहिणारा’ म्हणून त्याच्याकडे कपाळास आंठ्या घालून पाहण्याची चाल आमच्यांत आहे. आमच्यापैकीं किती जण दप्तरांच्या वाटेस ‘उषःकाल’ वाचून लागले, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं प्रामाणिकपणें आठवावें. ज्या शिडीनें आपण वर आलों ती शिडी मोडकी आहे असें ओरडणें योग्य. पण तिची एकही पायरी बदलण्यास हात न लावणें योग्य नव्हे.

सारांश, आमच्या सूचना तीन आहेत. पहिली : जेथें अस्सल साधन बोलतें तेथें लेखकानें त्याच्या विरुद्ध जाऊं नये; जेथें तें गप्प आहे तेथें त्यानें मोकळेपणें कल्पना करावी व आम्हीं तिला हसूं नये. दुसरी : पुस्तकाच्या शेवटीं एक पान असावें आणि त्यांत खरें कोणतें, लोककथेंतील कोणतें व लेखकाचें स्वतःचें कोणतें, हें मुलांच्या भाषेंत सांगावें. यानें रस जात नाहीं; उलट पुरावा म्हणजे काय याचा पहिला धडा मुलास तेथें मिळतो. तिसरी सूचना संग्राहकांस आहे : वर्षांतून एक दिवस रुमाल मुलांपुढें उघडावे व एखादें पत्र त्यांस वाचून दाखवावें. कागदाचा वास ज्यानें एकदां घेतला त्यास खोटें लवकर ओळखूं येतें.

त्या दिवशीं त्या मुलास आम्हीं सभासदाची हकीकत आमच्या शब्दांत सांगितली. ढाल तुटल्याचें ऐकून त्यानें आपला डावा हात वर करून पाहिला. घोरपडीची आठवण त्यास पुन्हा झाली नाहीं. सगळें ऐकून झाल्यावर त्यानें एवढेंच विचारलें, “ते दोघे पहिले चढले, त्यांचीं नांवें काय?” सभासदानें तीं दिलेलीं नाहींत. आम्हीं तसें सांगितलें, तेव्हां तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग आपण ठेवूं या.” आमचा त्यास विरोध नाहीं. तीं नांवें कोणी तरी ठेवावीं, त्या दोघांची रात्र कोणी तरी लिहावी, आणि शेवटच्या पानावर तीं आपण ठेविलीं आहेत हें सांगावें. अशा पुस्तकासाठीं आमच्या फडताळांत जागा रिकामी ठेविली आहे.